डीडब्ल्यूएम ६.५: दोन हजार ओळींचा विंडो मॅनेजर रोज वापरायचा झाला तर

डीडब्ल्यूएम हा लिनक्सवर पडद्यावरच्या विंडो मांडणारा प्रोग्रॅम, म्हणजे विंडो मॅनेजर. तो पहिल्यांदा सुरू केला की समोर काळा पडदा येतो. वर एक बारीक पट्टी, तिच्या डाव्या टोकाला १ ते ९ आकडे, उजव्या टोकाला 'डीडब्ल्यूएम-६.५'. बस. राइट क्लिक केलं तर काही होत नाही, मेनू नाही, चिन्हं नाहीत. आल्ट-शिफ्ट-एंटर दाबल्यावर टर्मिनल उघडायला हवं, पण बऱ्याच नव्या मंडळींकडे तेही उघडत नाही आणि का उघडलं नाही हे पडद्यावर कुठेच येत नाही. मूळ कोडमध्ये टर्मिनल म्हणून 'एसटी' हे नाव लिहिलेलं आहे. एसटी ही डीडब्ल्यूएम बनवणाऱ्या सकलेस गटाचीच, पण वेगळी बसवायची वस्तू आहे. ती नसेल तर हुकूम मुकाट्याने फसतो. बाहेर पडायला आल्ट-शिफ्ट-क्यू, आणि तेही चाललं नाही तर कंट्रोल-आल्ट-एफ२ दाबून दुसऱ्या कन्सोलवर जायचं.

हा प्रसंग मुद्दाम आधी सांगितला, कारण पुढे जे काही आहे त्याचा स्वभाव हाच आहे. जे सांगितलेलं नाही ते डीडब्ल्यूएम करत नाही, आणि चुकलं तर ओरडून सांगतही नाही. २००६ पासून चालत आलेला हा प्रकल्प सी भाषेत लिहिलेला आहे, परवाना एमआयटीचा, किंमत शून्य. मूळ कोड २००० ओळींपलीकडे जाऊ द्यायचा नाही हा कर्त्यांचा जाहीर नेम आहे आणि तो त्यांनी पाळलाय. सेटिंगची खिडकी नाही, सेटिंगची फाइलही खऱ्या अर्थाने नाही. कोडातल्या ओळी बदलायच्या आणि परत कंपाइल करायचं.

बसवताना

डेबियन-उबंटूच्या भांडारात डीडब्ल्यूएमचं तयार पॅकेज आहे, पण ते घेण्यात अर्थ नाही. त्यातली बटणं आणि रंग आधीच भाजून पक्के झालेले असतात. सोर्स उतरवा. डेबियनवर बिल्ड-इसेन्शियल, लिबएक्स११-डेव्ह, लिबएक्सएफटी-डेव्ह आणि लिबएक्सिनेरामा-डेव्ह एवढी चार पॅकेजेस लागतात, शिवाय एक्स सर्व्हर (पडद्यावर विंडो काढणारा एक्स११ चा पाया) आणि तो सुरू करणारा एक्सइनिट. कंपाइल करताना 'एक्सएफटी.एच सापडली नाही' असं आलं की तिसरं राहिलंय हे समजायचं.

सोर्सच्या फोल्डरमध्ये आधी नुसतं 'मेक' चालवा, सुडो न लावता. त्या वेळी 'कॉन्फिग.डेफ.एच' या नमुन्यावरून तुमची 'कॉन्फिग.एच' तयार होते. थेट 'सुडो मेक इन्स्टॉल' केलं तर ही फाइल रूटच्या मालकीची होते, आणि नंतर एडिटर 'सेव्ह करायची परवानगी नाही' म्हणत बसतो. पुढे प्रत्येक बदलानंतर 'सुडो मेक क्लीन इन्स्टॉल'. मशीन कितीही जुनं असलं तरी याला दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त लागत नाहीत. बायनरी '/यूएसआर/लोकल/बिन' मध्ये जाते.

लॉगिनच्या पडद्यावर मात्र डीडब्ल्यूएमचं नाव आपोआप येत नाही. 'मेक इन्स्टॉल' एक्ससेशन्सच्या फोल्डरमध्ये डेस्कटॉप फाइल टाकत नाही, ती हाताने लिहायची. किंवा लॉगिन मॅनेजरच सोडून द्यायचा आणि '.एक्सइनिटआरसी' च्या शेवटच्या ओळीत 'एक्झेक डीडब्ल्यूएम' लिहून 'स्टार्टएक्स' ने सुरू करायचं. 'एक्झेक' ऐवजी डीडब्ल्यूएम एका 'व्हाइल ट्रू' लूपमध्ये ठेवला तर आणखी बरं: कंपाइल करून आल्ट-शिफ्ट-क्यू दाबलं की नवा डीडब्ल्यूएम जागेवर उभा राहतो आणि उघड्या विंडो मरत नाहीत. फक्त त्या (पुढे येणाऱ्या रूल्समध्ये टॅग दिलेल्या सोडून) सगळ्या टॅग १ वर, म्हणजे पट्टीवरच्या पहिल्या आकड्याच्या गटात, येऊन गोळा होतात. आणि नवी बायनरी सुरूच होत नसेल तर लूप गरगरत राहतो, तेव्हा दुसऱ्या कन्सोलवरून तो मारायची तयारी ठेवा.

आधी बदलायच्या ओळी

पहिली ओळ मोडकीची, म्हणजे प्रत्येक शॉर्टकटमध्ये धरून ठेवायच्या बटणाची. मूळ मोडकी आल्ट आहे, म्हणजे मॉड१मास्क. ती मॉड४मास्क करून विंडोज चिन्हाच्या बटणावर न्या. याला आवड-निवड म्हणता येणार नाही, ही गरज आहे. टर्मिनलमधल्या बॅशमध्ये आल्ट-बी ने एक शब्द मागे जाता येतं. डीडब्ल्यूएमने आल्ट-बी हे पट्टी लपवायला घेतलंय, त्यामुळे ओळ दुरुस्त करायला गेलं की वरची पट्टीच गायब होते आणि माणूस चक्रावतो. आल्ट-एफ चीही तीच गत: एक शब्द पुढे जायला दाबावं तर त्या टॅगवरच्या विंडो फरशीसारख्या बसायच्या सोडून तरंगायला लागतात. फायरफॉक्समध्ये आल्ट-१ ते आल्ट-८ ने टॅब बदलतात, तेही गेलं. एका शब्दाच्या बदलाने हे सगळं मिटतं.

दुसरी ओळ 'रीसाइझहिंट्स'. ही १ असते, ती ० करा. टर्मिनलला पूर्ण अक्षरांच्या पटीतच आकार हवा असतो आणि १ असताना डीडब्ल्यूएम तो हट्ट पुरवतो. परिणामी टर्मिनलच्या उजवीकडे आणि खाली काही पिक्सेलांची फट राहते. ही फट म्हणजे बग आहे असं समजून लोक तासन्‌तास शोधाशोध करतात.

तिसरी 'एमफॅक्ट', म्हणजे मास्टर भागाची, डावीकडच्या मुख्य विंडोच्या जागेची, रुंदी. मूळ आकडा ०.५५. १९२० पिक्सेल रुंद पडद्यावर मास्टरला १०५६ आणि उरलेल्या विंडोंच्या रांगेला, म्हणजे स्टॅकला, ८६४ पिक्सेल मिळतात. हे ठीक. पण १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर स्टॅकला ६१५ च्या आसपासच उरतात. अक्षर ८ पिक्सेल रुंद असेल तर ७६ अक्षरांची ओळ. ८० स्तंभ धरून लिहिलेला कोड तिथे मोडून दुसऱ्या ओळीवर जातो. ०.५० केलं की दोन्हीकडे ६८३ होतात आणि ८० स्तंभ आरामात बसतात. चालू असताना मोडकी-एच आणि मोडकी-एल ने ही रुंदी ०.०५ च्या पायरीने बदलता येते, पण रोज सकाळी तेच करण्यापेक्षा आकडाच बदललेला बरा.

'बॉर्डरपीएक्स' १ वरून २ करा, कोणत्या विंडोत आपण आहोत ते दिसायला लागतं. टर्मिनलच्या नावाच्या ओळीत एसटीच्या जागी तुमच्याकडे आधीच असलेल्या टर्मिनलचं नाव घाला. आणि 'रूल्स' कडे, म्हणजे कोणती विंडो कुठे आणि कशी उघडायची या नियमांकडे, वळा, कारण तिथे एक जुना काटा आहे.

नमुन्यातल्या रूल्समध्ये दोनच नोंदी असतात. गिम्प तरंगती उघडायची, आणि फायरफॉक्स '१ << ८' वर, म्हणजे नवव्या टॅगवर (मोजणी शून्यापासून, म्हणून ८). ज्याला हे ठाऊक नाही तो फायरफॉक्स सुरू करतो, समोर काहीच येत नाही, पुन्हा सुरू करतो, आणि नवव्या टॅगवर तीन विंडो जमलेल्या असतात. याउलटही घडतं: नोंदीत 'एफ' मोठा आहे, तर हल्लीच्या कित्येक बिल्डमध्ये फायरफॉक्स आपला क्लास सगळा लहान अक्षरांत सांगतो. तुलना लहान-मोठं अक्षर बघून होते, म्हणून नियम लागतच नाही. खरं नाव काढायला टर्मिनलमध्ये 'एक्सप्रॉप' चालवून त्या विंडोवर क्लिक करा. 'डब्ल्यूएम_क्लास' पुढे दोन नावं येतात. पहिलं इन्स्टन्स, दुसरं क्लास. रूल्सच्या रकान्यांत क्रम उलटा आहे: आधी क्लास, मग इन्स्टन्स, मग टायटल. निम्मे 'माझा रूल चालत नाही' याच उलटसुलटीत अडकलेले असतात.

रोजचा वापर

मांडणी म्हणून बघाल तर डीडब्ल्यूएममध्ये शिकायला फार कमी आहे, आणि हीच त्याची जमेची बाजू. नवी विंडो मास्टरच्या जागी येते, आधीची स्टॅकमध्ये सरकते. मोडकी-जे आणि मोडकी-के ने विंडो बदलायची, मोडकी-एंटर ने हवी ती मास्टरमध्ये आणायची. मोडकी-एम ने एकच विंडो पूर्ण पडद्यावर, मोडकी-टी ने परत फरशी. विंडो कुठे बसेल याचा विचार आपण करायचाच नसतो. आयथ्री या दुसऱ्या विंडो मॅनेजरमध्ये उघडण्याआधी आडवं की उभं ते ठरवावं लागतं आणि पाच-सहा विंडो झाल्या की डब्यात डबा तयार होतो. इथे तो प्रकार नाही.

टॅग म्हणजे वर्कस्पेस असं मानून बहुतेक जण वापरतात आणि त्यांचं अडतही नाही. पण एक विंडो दोन टॅगवर ठेवता येते आणि दोन टॅग एकाच वेळी बघता येतात. टॅग २ वर कोड आणि टॅग ५ वर लॉग असेल तर टॅग २ वर असताना मोडकी-कंट्रोल-५ दाबलं की दोन्ही शेजारी येतात. तेच पुन्हा दाबलं की लॉग जातो. खिडक्या हलवाव्या लागत नाहीत. हे एकदा हाताला बसलं की साध्या वर्कस्पेसवर परतणं जड जातं.

पॅच

डीडब्ल्यूएमच्या नावाने जे देखणे फोटो फिरतात ते सगळे पॅचचे, म्हणजे मूळ कोडात बदल करणाऱ्या तयार फाइलींचे, असतात. विंडोंमध्ये मोकळी जागा, प्रत्येक टॅगला वेगळी मांडणी, सिस्टिम ट्रे हे मूळ कोडात काही नाही. पॅच फाइल सोर्सच्या फोल्डरमध्ये ठेवून 'पॅच -पी१' ला द्यायची. पहिला पॅच सहसा सरळ बसतो. दुसऱ्या-तिसऱ्याला 'हंक फेल्ड' येतं आणि '.रेज' फाइल उरते. याचा अर्थ एवढाच की त्या जागेचा कोड आधीच्या पॅचने बदललाय. '.रेज' उघडायची, अधिक चिन्हाच्या ओळी योग्य ठिकाणी हाताने घालायच्या, वजा चिन्हाच्या काढायच्या. सिस्टिम ट्रेचा पॅच पट्टी रंगवणाऱ्या 'ड्रॉबार' फंक्शनमध्ये खोलवर हात घालतो, म्हणून तो सर्वांत आधी बसवा. पट्टीला हात लावणारे बाकीचे त्याच्यावर.

आणखी एक हमखास होणारी गोष्ट. पॅच 'कॉन्फिग.डेफ.एच' बदलतो, तुमची 'कॉन्फिग.एच' नाही. मग कंपाइल करताना अमुक नाव 'अनडिक्लेअर्ड' आहे असं येतं. दोन फाइलींचा 'डिफ' काढून नव्या ओळी तेवढ्या आपल्या फाइलमध्ये घ्यायच्या. नवी आवृत्ती घेतानाही हेच: ६.२ च्या काळातली कॉन्फिग पुढच्या आवृत्तीवर टाकली की 'लॉकफुलस्क्रीन' सापडत नाही म्हणून कंपाइल थांबतं.

माझ्या मते चार पॅच ही मर्यादा. सोर्स गिटमध्ये ठेवा आणि प्रत्येक पॅचमागे एक कमिट करा. दहा-बारा पॅच लावलेला डीडब्ल्यूएम पुढच्या आवृत्तीवर नेणं म्हणजे गुंतलेला मांजा सोडवणं, आणि मग दोन हजार ओळींच्या नेमाला तरी काय अर्थ राहिला?

पट्टीवरची मराठी

इथे हा विंडो मॅनेजर मराठी वाचकासाठी सरळ नापास आहे. ब्राउझरमध्ये मराठी पान उघडा आणि वरच्या पट्टीतलं शीर्षक बघा. 'किती' मधली पहिली वेलांटी क च्या आधी यायची ती नंतर येते. 'स्त्री' चं जोडाक्षर फुटून स, त, र पाय मोडून वेगवेगळे उभे राहतात. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. डीडब्ल्यूएम अक्षरं लिबएक्सएफटीकडून रंगवून घेतो, आणि ती लायब्ररी साठवलेल्या क्रमानेच एकेक चिन्ह ठेवत जाते. ऱ्हस्व वेलांटी पुढे सरकवणं, जोडाक्षर जुळवणं हे शेपिंगचं काम मध्ये कुणी करतच नाही. डीमेन्यू (प्रोग्रॅम सुरू करायचा मेनू) आणि एसटी यांनाही हेच दुखणं आहे. ब्राउझरच्या आतलं मराठी मात्र व्यवस्थित असतं, कारण तिथे ब्राउझर आपलं आपण शेपिंग करतो.

पट्टीसाठी पँगो ही शेपिंग करणारी लायब्ररी वापरणारे पॅच आहेत, पण ते रंगकामाची मूळ फाइलच बदलतात, म्हणजे वरची '.रेज' ची कटकट दुप्पट. सोपा उपाय म्हणजे शीर्षकच न दाखवणं. 'ड्रॉबार' मधली निवडलेल्या विंडोचं नाव लिहिणारी एक ओळ काढून तिथे नुसता रंगाचा चौकोन भरायचा. लोकेल (सिस्टिमची भाषा) मराठी ठेवला असेल तर घड्याळाच्या स्क्रिप्टमध्ये 'एलसी_टाइम' सी करा, नाहीतर रवि आणि शनि दोघांची वेलांटी भलत्या बाजूला लटकते. पट्टीवर मराठी शुद्ध हवीच असेल तर आयथ्री घ्या. त्याच्या कॉन्फिगमध्ये फॉन्टच्या ओळीत 'पँगो:' लिहून पुढे नोटो सॅन्स देवनागरी दिलं की विषय संपला.

टायपिंगचं मात्र छान जमतं. 'सेटएक्सकेबीमॅप' मध्ये आधी अमेरिकन आणि नंतर भारतीय लेआउट द्या, बदलायला एक बटण ठरवा. क्रम महत्त्वाचा आहे. डीडब्ल्यूएम आपले शॉर्टकट पहिल्या लेआउटवरून ओळखतो, म्हणून इंग्रजी पहिला असेल तर इनस्क्रिप्टमध्ये असतानाही मोडकी-जे चालतं. मराठी पहिला ठेवलात तर अक्षरांचे शॉर्टकट लागत नाहीत. उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांनी एफसीआयटीएक्स५ हा टायपिंगचा प्रोग्रॅम '.एक्सइनिटआरसी' मध्ये डीडब्ल्यूएमच्या ओळीआधी, शेवटी अँपरसँड लावून सुरू करायचं. अँपरसँड विसरला आणि तो प्रोग्रॅम पुढेच चालत बसला तर डीडब्ल्यूएमची पाळीच येत नाही.

सोबत काय काय आणावं लागतं

डेस्कटॉपसोबत फुकट येणाऱ्या गोष्टी इथे एकेक करून आणाव्या लागतात. वॉलपेपरला फेह, सूचनांना डन्स्ट, स्क्रीनशॉटला मेम आणि कॉपीसाठी एक्सक्लिप, उजेडाला ब्राइटनेससीटीएल. आवाजाची बटणं चालावीत म्हणून 'कॉन्फिग.एच' च्या सुरुवातीला 'एक्सएफ८६कीसिम.एच' जोडावी लागते, तरच त्या बटणांची नावं कंपायलरला कळतात. वायफायचं चिन्ह ट्रेमध्ये दिसतं, आणि ट्रे नाही, म्हणून टर्मिनलमधलं 'एनएमटीयूआय' वापरा. ते पुरतं.

कुलूप लावायला स्लॉक. आर्चवर त्याच्या कॉन्फिगमधला 'नोग्रुप' बदलून 'नोबडी' करावा लागतो, नाहीतर तो सुरूच होत नाही. झाकण मिटल्यावर आपोआप कुलूप पडावं म्हणून एक्सएसएस-लॉक जोडा. हे जोडेपर्यंत लॅपटॉप बाहेर नेऊ नका.

स्थितीदर्शक पट्टीला स्लस्टॅटस चांगला. बॅटरीच्या जागी 'एन/ए' दिसलं तर कॉन्फिगमधलं बॅट० हे नाव तुमच्या मशीनवर बॅट१ असण्याची शक्यता आहे. '/सिस/क्लास/पॉवर_सप्लाय' मध्ये बघून घ्या.

जावाच्या जुन्या उपयोजनांची विंडो करडी आणि कोरी उघडली तर घाबरू नका. जावाकडे ओळखीच्या विंडो मॅनेजरांची यादी असते, यादीबाहेरच्याशी तिचं जमत नाही. '_जावा_एडब्ल्यूटी_डब्ल्यूएम_नॉनरीपेरेंटिंग' हा चल १ करून '.एक्सइनिटआरसी' मधून एक्सपोर्ट केला की मजकूर दिसायला लागतो. डिजिटल सहीची उपयोजनं चालवणाऱ्या कर सल्लागारांना ही ओळ नक्की लागेल.

कोणी घ्यावा

सी भाषेतली स्वल्पविरामाची चूक कंपायलरने दाखवली की जो ती शोधू शकतो, टर्मिनल आणि ब्राउझर या दोनच विंडोंत ज्याचा दिवस जातो, आणि ज्याचं मशीन जुनं आहे, त्याने घ्यावा. दोन वेगळ्या घनतेचे मॉनिटर लावणाऱ्यांनी नको. एक्स११ वर दोन्हींना वेगळा स्केल नीट देता येत नाही, एकीकडे अक्षरं मोठी किंवा दुसरीकडे बारीक राहणार. घरातल्या इतरांनाही तेच मशीन वापरायचं असेल तर त्यांच्यासाठी एक्सएफसीई हा नेहमीसारखा डेस्कटॉप ठेवून द्या, लॉगिनच्या पडद्यावर दोन्ही नांदतात.

राहिला एक्स११ च्या भवितव्याचा प्रश्न. डीडब्ल्यूएम वेलँडवर, म्हणजे एक्स११ ची जागा घेणाऱ्या नव्या व्यवस्थेवर, चालत नाही, आणि उबंटूने २५.१० मध्ये गनोम डेस्कटॉपचं एक्स सेशन काढून टाकलंय. डीडब्ल्यूएमला त्याने आज काही फरक पडत नाही, एक्स सर्व्हर भांडारात आहेच. वेलँडवर जायचं असेल तर डीडब्ल्यूएल हा त्याच वळणाचा, तोही सी मध्ये कंपाइल करायचा. बटणांची बरीच मांडणी तशीच राहते, रूल्स मात्र परत लिहावे लागतात, कारण तिथे क्लासऐवजी ॲप आयडी असतो. त्यात पट्टीच नाही, ती वेगळी आणायची. वेबार ही पट्टी लावलीत तर ती जीटीकेवर असल्याने मराठी शीर्षकं पहिल्यांदा धड दिसतात. टॅगचे आकडे आणि शीर्षकं वेबारमध्ये दिसायला मात्र डीडब्ल्यूएलला आयपीसीचा पॅच लावावा लागतो.